प्रकाशाने जागृत होणारी नेत्रौषधे : वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी जाणून घ्यावयाच्या गोष्टी

नेत्ररोगाचे जे रुग्ण आपल्या चिकित्सालयात येतात, त्यांच्या कागदपत्रांत ‘पीडीटी’ ही तीन अक्षरे अधूनमधून आढळतात. रुग्णास विचारले तर ‘डोळ्यावर लेझर केले’ एवढेच उत्तर मिळते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पडदा साफ करण्याचे लेझर, मधुमेही रुग्णाच्या दृष्टिपटलावर करतात ते लेझर आणि हे लेझर, ही सर्व त्याच्या दृष्टीने एकच असतात. वैद्यानेही तसेच मानले, तर मात्र चूक होण्याचा संभव आहे. पहिल्या दोन प्रकारांत किरण स्वतः कार्य करतो, म्हणजे छेदतो किंवा जाळतो. ‘पीडीटी’ म्हणजे फोटोडायनॅमिक थेरपीमध्ये किरण इतका सौम्य असतो की एकट्याने तो काहीच करू शकत नाही. कार्य औषधाचे असते. ते शिरेतून सर्व शरीरात गेलेले असते आणि जेथे प्रकाश पडेल तेथेच जागृत होते. रुग्ण रुग्णालयातून बाहेर पडतो तेव्हा हे औषध त्याच्या त्वचेतही असते आणि बाहेर ऊन असते. या एका गोष्टीमुळे हा विषय केवळ नेत्रतज्ज्ञांचा राहत नाही. त्याच सप्ताहात तो रुग्ण आपल्याकडून कोणता कल्प घेत आहे आणि औषधाच्या दुकानातून कोणती गोळी नेत आहे, याला महत्त्व येते. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन एवढेच आहे.

औषध आणि प्रकाश यांचा संयोग

औषध देऊन रुग्णास उन्हात बसविणे ही कल्पना आपणांस नवी नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, कुष्ठाच्या सातव्या अध्यायात, श्वित्राची चिकित्सा सांगताना स्नेहन केलेल्या रुग्णास मलपूचा रस गुळासह द्यावा आणि बलानुसार सूर्यसंताप घ्यावयास लावावा, अशी योजना आहे. त्यानंतर श्वित्रस्थानी जे स्फोट उत्पन्न होतील, ते काट्याने फोडावेत, असेही तेथे सांगितले आहे. बाकुचीचा लेप लावून कोवळ्या उन्हात बसविण्याची पद्धती तर आजही प्रत्येक वैद्याच्या हातची आहे. बाकुचीतील सोरालेन व आयसोसोरालेन ही द्रव्ये सूर्यप्रकाशातील अतिनील ‘अ’ किरणांनी, म्हणजे ३२० ते ४०० नॅनोमीटर लांबीच्या तरंगांनी, कार्यान्वित होतात. अंधारात ती त्वचेवर जवळजवळ निष्क्रिय असतात. इजिप्तमध्ये अम्मी माजुस या वनस्पतीचा श्वित्रासाठी असाच उपयोग परंपरेने होत असे. १९४० च्या दशकात तेथील त्वचारोगतज्ज्ञ अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी त्यातील शुद्ध द्रव्यावर काम केले आणि पुढे ‘पुवा’ ही चिकित्सा रूढ झाली.

मात्र यावरून ‘फोटोडायनॅमिक थेरपी आमच्या ग्रंथांत होतीच’ असे म्हणण्याचा मोह टाळावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. सोरालेन अतिनील किरणांच्या साहाय्याने पेशीतील डीएनएशी बांधले जाते. आपण ज्या नेत्रौषधाचा विचार करणार आहोत ते दृश्य तांबड्या प्रकाशाने जागृत होते आणि ऑक्सिजनच्या द्वारा कार्य करते. तत्त्व सजातीय असले तरी द्रव्य, किरण आणि परिणाम भिन्न आहेत. हा भेद पुढे पथ्य सांगताना फार उपयोगी पडतो.

या औषधाच्या मुळाशीही एक वनस्पतीच आहे, हे वाचकांस रोचक वाटेल. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील रोगप्रतिकारशास्त्रज्ञ ज्युलिया लेव्ही यांच्या मुलांना सोनोरा बेटावर रानातील एका वनस्पतीचा स्पर्श झाल्यावर उन्हात फोड आले. त्यावरून प्रकाशसंवेदी द्रव्यांकडे त्यांचे लक्ष वेधले गेले. त्यांच्या सहभागाने व्हॅंकुव्हर येथे १९८१ साली स्थापन झालेल्या क्यूएलटी या संस्थेने पुढे व्हर्टेपॉर्फिन हे औषध विकसित केले. लेव्ही यांच्या मातोश्रींना वार्धक्यातील पीतबिंदूचा ऱ्हास झालेला होता, ही गोष्टही या संशोधनाच्या इतिहासात नोंदली गेली आहे. अमेरिकेत या औषधास एप्रिल २००० मध्ये मान्यता मिळाली.

व्याधीचे स्वरूप

दृष्टिपटलाच्या मध्यभागी असलेल्या पीतबिंदूमुळे, म्हणजेच मॅक्युलामुळे, आपण वाचतो आणि चेहरे ओळखतो. वार्धक्यात त्याचा जो ऱ्हास होतो त्याचे शुष्क आणि आर्द्र असे दोन प्रकार मानले जातात. शुष्क प्रकार मंदगतीने वाढतो. आर्द्र प्रकारात दृष्टिपटलाच्या खालील कोरॉइड या थरातून नवीन, दुर्बळ रक्तवाहिन्या वर येतात. त्यांतून द्रव व रक्त पाझरते आणि काही सप्ताहांत मध्यदृष्टी कायमची जाऊ शकते. सरळ रेषा वाकडी दिसणे हे याचे आरंभीचे लक्षण होय. दाराची चौकट, फरशीचे सांधे, वहीच्या ओळी मध्येच वाकलेल्या दिसतात. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात तृतीय पटलगत दोषाच्या वर्णनात रुग्णास समोरच्या माणसाचे मुख कान, नाक, नेत्र यांच्याविना अथवा विपरीत दिसते, असे सांगितले आहे. दोन्ही व्याधी एकच, असे आम्ही म्हणत नाही. परंतु असे लक्षण सांगणारा रुग्ण समोर आला असता ‘तिमिर’ एवढे निदान लिहून तर्पण आरंभणे आज क्षम्य नाही.

यासाठी महागड्या उपकरणाची आवश्यकता नाही. स्वित्झर्लंडचे नेत्रतज्ज्ञ मार्क आम्सलर यांच्या नावाने प्रसिद्ध असलेला चौकटींचा तक्ता कोणत्याही चिकित्सालयात ठेवता येतो. १० सेंटीमीटर बाजूच्या चौरसात ५ मिलिमीटरच्या चौकटी आणि मध्यभागी एक ठिपका, एवढेच त्याचे स्वरूप आहे. रुग्णास वाचनाचा चष्मा लावून, एक डोळा झाकून, सुमारे ३० सेंटीमीटरवरून ठिपक्याकडे पाहावयास सांगावे. रेषा वाकलेल्या, तुटलेल्या किंवा पुसलेल्या दिसल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे. दोन्ही डोळे उघडे ठेवून केलेली परीक्षा व्यर्थ होय. निरोगी डोळा दुसऱ्याचा दोष झाकतो आणि रुग्ण महिनोन्महिने बेसावध राहतो.

औषध कसे देतात

व्हर्टेपॉर्फिन हे १५ मिलिग्रॅमच्या कुपीत, गडद हिरव्या चूर्णाच्या रूपात येते. ७ मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात त्याचे द्रावण करतात आणि ते ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळून ३० मिलिलिटर करतात. सलाईनमध्ये ते मिसळत नाहीत, कारण औषध साखळते. तयार द्रावण प्रकाशापासून जपून चार तासांच्या आत वापरावे लागते. मात्रा वजनावर नसून देहपृष्ठाच्या क्षेत्रफळावर ठरते. ती प्रतिचौरस मीटर ६ मिलिग्रॅम असते. देहपृष्ठ १.६ चौरस मीटर असल्यास ९.६ मिलिग्रॅम औषध दहा मिनिटांत शिरेतून देतात.

रक्तात गेल्यावर हे औषध कमी घनतेच्या लायपोप्रोटीनशी बद्ध होते. नव्याने वाढणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरातील पेशी असे लायपोप्रोटीन अधिक प्रमाणात ग्रहण करतात, म्हणून औषधाचा संचय तेथे अधिक होतो. औषध सुरू केल्यापासून पंधराव्या मिनिटाला ६८९ नॅनोमीटरचा तांबडा लेझर किरण विकृत भागावर ८३ सेकंद सोडतात. तीव्रता प्रतिचौरस सेंटीमीटर ६०० मिलिवॉट आणि एकूण ऊर्जा सुमारे ५० ज्यूल असते. तांबडा किरण निवडण्याचे कारण असे की, तो रक्त व रंजकद्रव्य यांच्या थरांतून इतर किरणांपेक्षा खोल जातो. प्रकाश पडताच औषध ऑक्सिजनला क्षणभर अत्यंत क्रियाशील अवस्थेत नेते. त्यायोगे वाहिनीचा अंतःस्तर दुखावतो, तेथे रक्त गोठते आणि विकृत वाहिनी बंद होते. वरचे दृष्टिपटल बहुतांशी सुरक्षित राहते. हेच या पद्धतीचे वैशिष्ट्य, कारण जुने जाळणारे लेझर पीतबिंदूवर वापरल्यास रोगाबरोबर दृष्टीही जात असे.

उपद्रवांपैकी दोन वैद्यांना ठाऊक असावेत. औषध चालू असताना काही रुग्णांस पाठीत तीव्र वेदना होते व ती बहुधा औषध संपताच थांबते. दुसरा अधिक गंभीर आहे. शेकडा १ ते ५ रुग्णांत चिकित्सेनंतर सात दिवसांच्या आत दृष्टी एकाएकी पुष्कळ कमी होते. असा रुग्ण आपल्याकडे आल्यास त्यास थोपवून न ठेवता परत पाठवावे. पॉर्फिरिया हा आजार असलेल्या व्यक्तीस हे औषध देतच नाहीत.

पाच दिवसांचे पथ्य

या भागाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. रुग्ण घरी आल्यावर नातेवाईक बहुधा आपल्यालाच विचारतात, आणि येथील चुकीचा सल्ला भाजल्याच्या जखमेपर्यंत जाऊ शकतो.

औषधाचा अर्धायुकाल पाच ते सहा तासांचा आहे आणि ते मुख्यतः यकृतामार्गे मलातून बाहेर पडते. तथापि त्वचेतील अंश काही काळ टिकतो. युरोपातील माहितीपत्रक ४८ तास ऊन टाळण्यास सांगते, तर अमेरिकेतील माहितीपत्रक पाच दिवस. वैशाखातील विदर्भ-मराठवाड्याचे ऊन लक्षात घेता आपण पाच दिवसच सांगावेत. या काळात बाहेर पडणे अटळ असेल तर पूर्ण बाह्यांचे जाड वस्त्र, हातमोजे, पायमोजे, रुंद काठाची टोपी किंवा डोक्यावरून घेतलेला पदर आणि गडद चष्मा ही सर्व साधने वापरावीत. दुचाकीवरून रुग्णालयात आलेल्या रुग्णाने दुपारी तसेच घरी जाऊ नये, हे अगोदर सांगावयास हवे. प्रत्यक्षात ते कोणी सांगत नाही.

उन्हापासून रक्षण करणारे मलम येथे उपयोगी नाही. ही गोष्ट औषधविक्रेत्यांनी विशेष ध्यानात ठेवावी, कारण रुग्ण ते मागावयास त्यांच्याकडेच जातो. बाजारातील मलमे अतिनील किरण अडवितात. हे औषध दृश्य प्रकाशाने जागृत होते आणि तो प्रकाश मलमातून सहज पार जातो. सोरालेनच्या बाबतीत असे मलम काही रक्षण करते, येथे नाही. वर सांगितलेला भेद तो हाच.

याच्या उलट चूकही तितकीच आढळते. उजेड वर्ज्य म्हटल्यावर घरची मंडळी रुग्णास खिडक्या बंद करून काळोख्या खोलीत बसवितात. तसे करू नये. घरातील साध्या, मंद उजेडात त्वचेतील औषध हळूहळू निष्प्रभ होत जाते, म्हणून अशा उजेडात राहणे हितकारक आहे. टाळावयाचे ते थेट ऊन, हॅलोजनचे प्रखर दिवे आणि दंतवैद्याच्या खुर्चीवरचा अथवा शस्त्रक्रियागृहातील दिवा. दात काढावयाचा असल्यास तो पाच दिवस थांबू शकतो. आपल्याकडे तर्पण व पुटपाक केल्यानंतर तेज, वायू, आकाश, आरसा व चकाकणाऱ्या वस्तू पाहू नयेत, असे सुश्रुतांनी सांगितले आहे आणि आपले रुग्ण ते निष्ठेने पाळतात. फरक असा की, तेथे जपावयाचे असते नेत्राला, येथे मुख्यतः त्वचेला. केवळ काळा चष्मा लावून उघड्या हातांनी शेतावर जाणाऱ्या रुग्णास हा फरक समजावून सांगावा लागतो.

शिरेतून देताना औषध बाहेर झिरपले असल्यास त्या हातावर सूज व हिरवट डाग दिसतो. सूज उतरून डाग जाईपर्यंत तो भाग पूर्णपणे झाकून ठेवावा. त्यावर लेप, स्वेदन अथवा अभ्यंग करण्याच्या भरीस पडू नये.

इतर औषधांशी संबंध

त्वचेची प्रकाशसंवेदना वाढविणारी जी औषधे या संदर्भात सांगितली जातात, ती आपल्या औषध दुकानांत रोज खपणारी आहेत. टेट्रासायक्लिन वर्गातील डॉक्सिसायक्लिन, सल्फा औषधे, रक्तदाबातील थायाझाइड, मधुमेहातील सल्फोनिलयुरिया, गजकर्णावरील ग्रिझिओफल्विन आणि मनोविकारातील फिनोथायाझिन ही ती औषधे होत. साठीच्या पुढच्या रुग्णास रक्तदाब व मधुमेहाची गोळी बहुधा चालू असतेच. ती आपण बंद करावयाची नाही. परंतु ती चालू आहे हे नेत्रतज्ज्ञांस कळविणे आणि ऊन टाळण्याचे पथ्य अधिक कसोशीने पाळावयास सांगणे आपल्या हाती आहे. त्या पाच दिवसांत खोकला-तापासाठी डॉक्सिसायक्लिन चिठ्ठीविना देणाऱ्या दुकानदारास मात्र आम्ही निश्चितच दोष देऊ.

दुसरी बाजू अशी की, क्रियाशील ऑक्सिजनचा नाश करणारी द्रव्ये या चिकित्सेचा परिणाम उणा करू शकतात. व्हर्टेपॉर्फिनच्या माहितीपत्रकात बीटा-कॅरोटीन, मद्यार्क व मॅनिटॉल यांचा या दृष्टीने उल्लेख आहे. त्यास अनुसरून आम्ही चिकित्सेच्या आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत आसव-अरिष्टे व रसायनकल्प थांबवितो. तीन दिवसांच्या खंडाने रसायनाचे काही बिघडत नाही.

बाकुचीसंबंधी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. श्वित्रासाठी आमच्याकडे बाकुचीचा लेप आणि आभ्यंतर कल्प घेणाऱ्या एका मध्यमवयीन रुग्णाने जाता जाता सांगितले की, येत्या आठवड्यात डोळ्याचे लेझर आहे. कागद मागविला तेव्हा तेथे ‘पीडीटी’ असे लिहिलेले होते. त्यांच्या नेत्रतज्ज्ञांस आपण बाकुची घेत असल्याचे त्यांनी सांगितले नव्हते, कारण ‘तुमचे औषध म्हणजे झाडपाला’ अशी त्यांची समजूत. आम्ही त्याच दिवशी दोन्ही कल्प थांबविले आणि नेत्रतज्ज्ञांस पत्र लिहिले. पत्रात द्रव्याचे शास्त्रीय नाव सोरालिया कोरिलिफोलिया, त्यातील सोरालेन, मात्रा आणि शेवटच्या सेवनाचा दिनांक दिला. नेत्रतज्ज्ञांनी चिकित्सा पंधरा दिवस पुढे नेली. नंतरही पूर्ण सप्ताह उलटून त्वचा प्राकृत असल्याची खात्री झाल्यावरच आम्ही लेप पुन्हा चालू केला. पत्रात ‘आयुर्वेदिक औषध चालू आहे’ एवढेच लिहिले असते तर समोरच्या डॉक्टरांस त्यातून काहीही बोध झाला नसता.

ज्यांना डोळ्याचा कोणताही विकार नाही, अशा श्वित्ररुग्णांच्याही नेत्रांची काळजी या निमित्ताने सांगावीशी वाटते. पोटात घेतलेले सोरालेन नेत्रमण्यातही पोहोचते आणि अतिनील किरणांच्या संपर्कात तेथील प्रथिनांशी बांधले जाऊ शकते. म्हणून ‘पुवा’ चिकित्सेत औषध घेतल्यापासून २४ तास अतिनील ‘अ’ किरण अडविणारा चष्मा वापरण्याचा दंडक आहे. आभ्यंतर बाकुची देणाऱ्या वैद्यांनी तो दंडक तसाच उचलावा. फूटपाथवरचा केवळ काळा काचतुकडा येथे उपयोगाचा नाही. गडद काचेमागे बाहुली विस्फारते आणि अतिनील किरण आत जावयाचे ते जातातच.

या चिकित्सेचे आजचे स्थान

‘टॅप’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६०९ रुग्ण होते. १९९९ साली प्रकाशित झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार एका वर्षानंतर दृष्टीच्या तक्त्यावरील १५ अक्षरांपेक्षा कमी हानी झालेले रुग्ण चिकित्सितांमध्ये ६१ टक्के, तर इतरांत ४६ टक्के होते. म्हणजे ही चिकित्सा दृष्टी परत आणणारी नव्हती, हानी मंदावणारी होती. २००६ साली रॅनिबिझुमॅब हे डोळ्याच्या आत टोचावयाचे औषध आले आणि चित्र पालटले. ‘अँकर’ अभ्यासात दोहोंची तुलना झाली. वर्षअखेर १५ किंवा अधिक अक्षरांनी दृष्टी सुधारलेले रुग्ण रॅनिबिझुमॅबच्या अधिक मात्रेच्या गटात ४०.३ टक्के, तर पीडीटीच्या गटात अवघे ५.६ टक्के होते. तेव्हापासून आर्द्र प्रकारात सुई हीच प्रथम चिकित्सा ठरली आहे. जुनी माहिती ऐकून ‘इंजेक्शन नको, लेझरच करा’ असा आग्रह धरणाऱ्या रुग्णास वैद्याने दुजोरा देऊ नये.

तरीही पीडीटी कालबाह्य झालेली नाही. आशियाई लोकांत तुलनेने अधिक आढळणाऱ्या, रक्तवाहिन्यांना पुटकुळ्यांसारखे फुगवटे येणाऱ्या पॉलिपॉयडल प्रकारात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एव्हरेस्ट दोन’ अभ्यासाने सुई आणि पीडीटी यांचा संयोग केवळ सुईपेक्षा सरस असल्याचे दाखविले. वर्षअखेर फुगवटे पूर्णपणे बंद झाल्याचे प्रमाण ६९.३ विरुद्ध ३४.७ टक्के होते. २०२१ नंतर व्हर्टेपॉर्फिनचा जगभर तुटवडा निर्माण झाला, तेव्हा याच रुग्णांची अडचण झाली.

दुसरा उपयोग सेंट्रल सीरस कोरिओरेटिनोपॅथी या व्याधीत होतो, आणि येथे आपल्या व्यवसायाचा संबंध थेट येतो. तीस ते पन्नास वर्षे वयाच्या, बहुधा पुरुष रुग्णास एका डोळ्याने मध्यभागी मळकट वर्तुळ दिसते आणि वस्तू लहान व वाकड्या भासतात. दृष्टिपटलाखाली पाणी साठलेले असते. बहुसंख्य रुग्णांत ते तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरते. न ओसरल्यास अर्ध्या मात्रेने, म्हणजे प्रतिचौरस मीटर ३ मिलिग्रॅमने, पीडीटी करतात. ‘प्लेस’ या २०१८ च्या अभ्यासात सहा ते आठ सप्ताहांत पाणी पूर्ण ओसरलेले रुग्ण या चिकित्सेने ५१.२ टक्के, तर सूक्ष्मस्पंद लेझरने १३.८ टक्के होते.

या व्याधीचे सर्वांत परिचित कारण म्हणजे स्टेरॉइड. गोळी, इंजेक्शन, श्वासातून घेण्याचा पंप, सांध्यात टोचलेले औषध, किंबहुना त्वचेवरचे मलम यांपैकी कोणत्याही मार्गाने ते पुरेसे ठरू शकते. संधिवात, दमा व त्वचारोग यांवर ‘शुद्ध आयुर्वेदिक’ म्हणून विनानामाच्या पुड्या विकणारे लोक आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत आणि अशा पुड्यांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन मिसळल्याचे प्रकार पुनःपुन्हा उघडकीस आले आहेत. एका रात्रीत सूज उतरविणारे चूर्ण पाहून वैद्याच्या मनात शंका येणार नसेल तर कोणाच्या येणार? पुडी घेणाऱ्या रुग्णास स्टेरॉइडविषयी विचारून लाभ नाही, कारण त्यास ते ठाऊक नसते. चेहरा गोल झाला आहे का, भूक वाढली आहे का, पुडी थांबविताच वेदना दुपटीने परत येतात का, हे विचारावे. शंका बळावल्यास पुडी जपून ठेवून ती अन्न व औषध प्रशासनाकडे तपासणीस द्यावी. परंतु दीर्घकाळ चाललेली पुडी एका दिवसात बंद करू नये. अधिवृक्क ग्रंथी तेवढ्या अवधीत कार्यक्षम होत नाही आणि रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. कायचिकित्सकाच्या देखरेखीखाली मात्रा क्रमाने उतरवावी. असे स्टेरॉइड चालू असताना कितीही वेळा पीडीटी केली तरी पाणी पुन्हा साठण्याची भीती राहते. आपल्या नावावर विकल्या जाणाऱ्या या पुड्यांविरुद्ध आवाज आपण उठविला नाही, तर नेत्रतज्ज्ञांनी सर्वच वैद्यांकडे संशयाने पाहिल्यास तक्रारीस जागा नाही.

संशोधनाची दिशा

सुईची चिकित्सा प्रभावी असली तरी ती महिन्या-दोन महिन्यांनी पुनःपुन्हा द्यावी लागते. म्हणून औषधाचा साठा एकदाच डोळ्यात ठेवून बाहेरून प्रकाश टाकून हवा तेवढा भाग मोकळा करावा, अशी कल्पना पुढे आली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी २०१५ साली प्रकाशाने विरघळणाऱ्या बहुवारिकाच्या अतिसूक्ष्म कणांत निंटेडॅनिब हे औषध भरून उंदरांच्या डोळ्यात टोचले. कण काचद्रवात टिकून राहिले आणि दहा आठवड्यांनी प्रकाश टाकला असताही नव्या वाहिन्यांची वाढ रोखली गेली. २०१९ साली बोस्टन येथील संशोधकांनी याहून पुढची युक्ती योजली. त्यांनी कण शिरेतून दिले आणि डोळ्यावर निळा प्रकाश टाकून ते तेथेच पेशींना चिकटतील अशी रचना केली. दोन्ही प्रयोग प्राण्यांवरचे आहेत. मनुष्याच्या प्रौढ नेत्रमण्यातून अतिनील किरण जवळजवळ आत जात नाहीत आणि निळा प्रकाश अधिक झाल्यास दृष्टिपटलास अपाय करतो. तेव्हा वर्तमानपत्रातील कात्रण घेऊन येणाऱ्या रुग्णास सुई सोडून याची वाट पाहावयास सांगू नये.

रायबोफ्लेविन आणि कॉर्निया

प्रकाश व औषध यांचा आणखी एक संयोग मात्र आज मोठ्या शहरांत नित्याचा झाला आहे. तरुण वयात कॉर्निया पातळ होऊन शंकूप्रमाणे पुढे येणाऱ्या केराटोकोनस या व्याधीत, कॉर्नियाचा वरचा स्तर काढून ०.१ टक्का रायबोफ्लेविनचे थेंब अर्धा तास घालतात आणि नंतर ३७० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश अर्धा तास सोडतात. जीवनसत्त्व ‘ब २’ हेच येथे प्रकाशसंवेदी द्रव्य. त्यामुळे कॉर्नियातील तंतू परस्परांत घट्ट गुंफले जातात आणि व्याधीची वाढ थांबते. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील संशोधकांनी २००३ साली याचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. अमेरिकेत २०१६ साली त्यास मान्यता मिळाली.

हे रुग्ण बहुधा डोळे चोळण्याच्या सवयीचे, नेत्रकंडू व प्रतिश्याय यांनी त्रस्त असतात आणि त्यासाठी आपल्याकडे आधीपासून येत असतात. कंडू शमविणे हे आपले कार्य येथे मोलाचे आहे, कारण डोळे चोळल्याने व्याधी वाढतो. परंतु शस्त्रक्रियेनंतर काढलेला स्तर पुन्हा भरून येईपर्यंत त्या डोळ्यात अंजन, मध, आश्च्योतन किंवा त्रिफळा काढ्याचे प्रक्षालन यांपैकी काहीही करू नये. बहुधा तो स्तर सप्ताहाभरात भरतो, पण दिवस मोजून निर्णय घेऊ नये. स्तर पूर्ण भरल्याचे नेत्रतज्ज्ञांनी लेखी दिल्यावर, आणि प्रथम आश्च्योतनाने, तेही एक थेंब घालून व दुसऱ्या दिवशी डोळा पाहून, क्रियेस आरंभ करावा. तर्पणाचा विचार त्यानंतर किमान तीन महिन्यांनी, असा आमचा परिपाठ आहे.